टाचणवहीत न दिसणारे काम

आमच्या खापरखेड्यात काम मोजता येते. औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० मेगावॉटचा एक. किती कोळसा जळला, किती वीज निघाली, सगळ्याचा हिशेब लागतो. शिक्षकाच्या डोक्यात काय चालले आहे, हे दाखवणारा मीटर मात्र अजून निघालेला नाही. म्हणूनच ज्ञानाच्या कामात वरचा माणूस कसा वागतो, यावर बरेच काही ठरते.

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना मी दोन तऱ्हेचे मुख्याध्यापक पाहिले. पहिले रोज टाचणवही तपासत आणि चूक सगळ्यांसमोर काढत. त्या काळात आमच्या वह्या निर्दोष होत्या. पण वर्गात काय अडते, हे कुणी बोलत नसे. जो अडचण सांगेल, तोच दोषी ठरे.

दुसरे मागच्या बाकावर येऊन बसत. तास संपला की विचारत, "सर, मुलांना कुठं जड जातंय?" मी सांगितले, उर्दूत 'ळ' नाही, त्यामुळे मुले 'वेळ'ला 'वेल' म्हणतात. "मग काय करू या?" वेल-वेळ, काल-काळ अशा जोड्यांची कार्डे करून रोज दहा मिनिटे खेळ घ्यायचे ठरले. पंधरा दिवसांनी ते स्वतः ऐकायला आले. विश्वास म्हणजे दुर्लक्ष नव्हे. हळूहळू इतर शिक्षकही आपापल्या अडचणी स्टाफरूममध्ये मांडू लागले. पगार तोच, मुले तीच, काम मात्र बदलले.

हे शाळेपुरतेच नाही. होमी भाभांनी दामोदर कोसंबींना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितासाठी बोलावले. कोसंबी राहत पुण्यात, ये-जा करत डेक्कन क्वीनने. नोकरी गणिताची, पण त्याच काळात, १९५६ साली, भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवे वळण देणारा त्यांचा ग्रंथ आला. असा ग्रंथ कुठल्या हजेरीपटातून निघाला असता? पुढे संबंध बिघडले आणि १९६२ साली त्यांचा करार वाढवला गेला नाही. मोकळीक एका माणसाच्या मर्जीवर राहिली, तर ती मर्जीबरोबर जाते. म्हणून ती संस्थेची रीत व्हायला हवी.

उर्दूत 'मशवरा' म्हणतात, मराठीत 'मसलत'. हुकमाने माणूस वेळेवर येतो. डोके घेऊन यायचे, तर त्याला आधी विचारावे लागते.