पान कुठलं?

2004 साली ह्यूस्टनला आले, तेव्हा गाठीला मुंबईच्या सत्र न्यायालयातली चार वर्षांची ज्युनिअरकी होती. टेक्सासची सनद मात्र नव्हती. एका वयस्क वकीलबाईंनी आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. त्या फक्त फौजदारी अपिलं चालवायच्या. सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारत. माझी जीभ वळेना. 'मॅम' म्हटलं की त्या वैतागायच्या. मनातल्या मनात त्या 'बाई'च राहिल्या.

हातात आलेलं पहिलंच मोठं रेकॉर्ड म्हणजे चार पोरं, एक दुकान, एक दरोडा. वर टेक्सास दंडसंहितेचं कलम 71.02, संघटित गुन्हेगारीचं. ते लागलं की गुन्हा सहसा एक पायरी वरचा धरतात आणि शिक्षाही तशीच वाढते. सरकार पक्षानं ज्यूरीला फोटो दाखवले होते : चौघं एकाच गाडीला टेकून उभे. मी सारांश लिहिला, 'हे चौघे नेहमी मिळून गुन्हे करत.' बाईंनी 'नेहमी'खाली पेन्सिलीनं रेघ ओढली.

"पान कुठलं?"

अपिलात साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. न्यायाधीशांपुढे असतो तो खालच्या कोर्टातल्या साक्षींचा शब्दशः उतारा. त्यात जे नाही, ते अपिलापुरतं घडलंच नाही. मी त्या उताऱ्याचे आठही खंड पुन्हा चाळले. 'नेहमी' कुठेच नव्हतं. ते मी मुंबईहून आणलं होतं, मोक्काच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, फायली उचलता उचलता.

मग बाईंनी न्गुयेन खटल्याचा निकाल पुढ्यात ठेवला. टेक्सासच्या फौजदारी अपिलांच्या सर्वोच्च न्यायालयाचा, 1999 सालचा. तिघांनी किंवा अधिक जणांनी मिळून एक गुन्हा केला, एवढं दाखवून सरकारला थांबता येत नाही. त्या एका गुन्ह्याला कितीही दिवस लागोत, तो एकच. एकामागून एक गुन्हे करत राहायचं, या इराद्यानं ती माणसं एकत्र होती, हे सिद्ध व्हावं लागतं. मी चमकले. मोक्काही 1999चाच, त्यातही मागच्या दहा वर्षांतली एकाहून अधिक आरोपपत्रं लागतात. दोन्हीकडे प्रश्न सातत्याचाच. त्या फायली वाहताना मला तो कधी पडला नव्हता.

दुसरी बाजूही बाईंनीच शिकवली. जॅक्सन विरुद्ध व्हर्जिनिया या 1979च्या निकालापासून अपील न्यायालय सगळा पुरावा सरकारच्या बाजूनं झुकतं माप देऊन वाचतं आणि विचारतं : एखाद्या समंजस ज्यूरीला यावरून निःशंकपणे दोषी ठरवता आलं असतं का? शिवाय टोळीतल्यांनी एकमेकांना ओळखलंच पाहिजे, असंही कायदा म्हणत नाही. म्हणून त्या मला आधी सरकारची बाजू लिहायला लावत, तीही जिंकण्याच्या ईर्ष्येनं. "त्यांचं सगळं खरं धर. मग काय उरत नाही, ते दाखव."

संघटित गुन्ह्याचं कलम टिकलं नाही, दरोडा राहिला. चौघांतला आमचा अशील तुरुंगातच होता. मला ते अर्धवट यश वाटलं. बाई म्हणाल्या, "जेवढं केलं, तेवढ्याचीच शिक्षा. एवढंच तर मागितलं होतं."

पुढे सनदेच्या परीक्षेसाठी त्यांनी मला ऑफिस सुटल्यावर शिकवलं. पैशांचा विषय काढला की म्हणायच्या, "आधी लिहायला शीक."

गेल्या वर्षी बाई गेल्या. स्मरणसभेत बोलायचं होतं. कागदावर लिहिलं, 'त्या मला नेहमी वेळ देत', आणि हात थबकला. माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्या. गुरुवार, साडेपाच, बाईंकडे. पुढचा गुरुवार, साडेपाच, बाईंकडे. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे दोन आठवडे सोडले, तर सहा वर्षं हेच.

'नेहमी' तसंच ठेवलं.