जात्याला जागा मिळाली

कोथरूडची आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली आणि प्रश्न पडला, सामान ठेवायचं कुठं? भाड्याच्या दोन खोल्यांत सासूबाईंचं जातं, हंडे, शिसवी कपाट मावेना. गोदामाचं भाडं दरमहा, अन् इमारतीला लागणार तीन वर्षं! शेवटी ह्यांनी टेम्पो ठरवला. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट करत उरवड्याला चुलतसासूबाईंकडे पोचलो.

मुळशीचा पाऊस दांडगा. काकूंनी आधीच विटांवर फळ्या टाकल्या होत्या, भिंतीपासून वीतभर जागा सोडून. कपड्यांच्या ट्रंकेत वाळलेला कडुनिंबाचा पाला घातला. मी पेट्यांना नंबर घालून वहीत यादी केली.

जातं मात्र टाकून द्यावं, असं मला वाटत होतं. काकू म्हणाल्या, "१९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तरी मुळशीतली गावं पाण्याखाली गेलीच. माझ्या आजीनं घर सोडताना बैलगाडीत आधी जातं चढवलं. म्हणायची, जातं मांडलं की घर झालं."

मी गप्प झाले. जातं ओसरीवर नीट मांडलं. महिनाभर अबोल असलेल्या सासूबाई परतताना टेम्पोत म्हणाल्या, "नव्या घरी त्याला जागा ठेव हं!"

मैत्रिणींनो, यादी करताना आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.