उद्यमबागेत हात कुठे, पाय कुठे

सुट्टीत बेळगावला येणारी आपली मंडळी किल्ल्यातली कमल बस्ती बघतात, राकसकोपला जातात, फार तर चोर्ल्याचा घाट करतात आणि कुंद्याचा डबा घेऊन परततात. खानापूर रस्त्याला लागून असलेली उद्यमबाग मात्र कुणी 'बघायला' जात नाही. मीही गेलो नसतो. एका यंत्राच्या कंट्रोल पॅनेलसाठी सॉफ्टवेअर लिहायचं होतं, म्हणून तीन दिवस तिथल्या शेड्समधून हिंडलो.

लोखंड आणि बेळगाव हे नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथेच सायकलचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. कडब्याचं यंत्र आपल्यापैकी कित्येकांनी गावी पाहिलं असेल. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्याने कडबा आत सरकवायचा. यंत्र चालवणारा हात आणि पात्यापुढे जाणारा हात एकाच माणसाचे! यंत्राची मूठ कुठे असावी हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आज उद्यमबागेत फौंड्री आहेत, हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनतात आणि गल्लोगल्ली छोट्या मशीन शॉपमध्ये लेथ चालतात. जुन्या लेथपाशी पाच मिनिटं उभं राहून टर्नरचं अंग कसं हलतं ते बघा. वेग बदलायच्या दांड्या डाव्या टोकाला, टेलस्टॉकचं चाक उजव्या टोकाला आणि कॅरेजचं चाक कमरेच्याही खाली. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या अभ्यासकांनी एकदा हिशेब मांडला, की अशा लेथला साजेसा माणूस कसा हवा? उत्तर आलं: उंची साडेचार फूट, खांदे दोन फूट रुंद आणि पसरलेल्या हातांची लांबी आठ फूट. असा माणूस जगात नाही, म्हणून आहे तो माणूस आठ तास वाकतो. संध्याकाळी कंबर धरून घरी जातो आणि आपण म्हणतो, वय झालं.

आपल्याकडे आणखी एक अडचण. पुष्कळ यंत्रांचे आराखडे परदेशातल्या उंच बांध्याच्या माणसांवर बेतलेले. भारतीय शरीरांची मापं अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांच्या पुस्तकातून एकत्र दिली. तोवर आणि त्यानंतरही बुटक्या टर्नरच्या पायाखाली लाकडी पाट सरकवणं हाच आपला उपाय. एका शेडमध्ये तसा पाट दिसला. वापरून वापरून मधोमध खोलगट झालेला.

पण लेथवर एक गोष्ट फार विचारपूर्वक केलेली असते. खाली, पूर्ण लांबीभर एक आडवी पट्टी असते, तो पायाचा ब्रेक. टर्नर डावीकडे असो की उजवीकडे, हात गुंतलेले असोत की नसोत, पाय दाबला की चक थांबतो. शोधावं लागत नाही, बघावं लागत नाही.

आता शेजारच्या पॉवर प्रेसकडे चला. तिथेही पायाचं पेडल आहे, पण ते थांबवायला नाही, चालू करायला. पेडलने दोन्ही हात मोकळे होतात, काम भराभर होतं आणि तेच मोकळे हात डायमध्ये असताना पाय पडतो. जुन्या क्लचच्या प्रेसचा ठोका एकदा सुटला की मधे थांबत नाही. चहाच्या वेळी एका ऑपरेटरने ग्लास डाव्या हातात धरला, तेव्हा दोन बोटं अर्ध्यावरच संपलेली दिसली. विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं, "पेडलचं काम."

यावर उपाय आहे: दोन हातांची दोन बटणं. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच प्रेस चालते आणि एक जरी सोडलं तरी थांबते. बटणं किती लांब? मानकांमध्ये हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. प्रेस थांबायला पाव सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात हात ४० सेंटिमीटर जातो. बटणं डायपासून किमान त्याहून लांब हवीत. आणि जी प्रेस मधे थांबूच शकत नाही, तिला नुसती बटणं पुरत नाहीत, डायभोवती जाळीच हवी.

तरीही एका प्रेसवर एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं दिसलं. आपण चटकन म्हणतो, "कामगार ऐकत नाहीत." त्या जागी उभं राहून पाहिलं तर बटणं खांद्याच्या उंचीवर होती आणि दाबायला कडक. मजुरी नगावर. दिवसात हजारदा हात वर करायचे तर कुणीही चिकटपट्टी शोधेल. बटण कोपराच्या उंचीला आणि हलकं असतं, दाबून अडकवलेलं बटण सर्किटनेच नाकारलं असतं, तर चिकटपट्टीची गरजही उरली नसती आणि सोयही. सुरक्षित पद्धत हीच सोपी पद्धत करणं, हे आराखडा काढणाऱ्याचं काम.

आपल्या घरातली बरीच मुलं आता इंजिनिअरिंग करतात, बहुतेक माझ्यासारखी पडद्यासमोर. त्यांनी खंडेनवमीला उद्यमबागेत जरूर जावं. यंत्रं बंद असतात, पुसून स्वच्छ केलेली, लिव्हरला झेंडूच्या माळा. प्रसाद घ्या, मालकांची परवानगी घ्या आणि एकदा लेथपुढे उभं राहून प्रत्येक चाकापर्यंत हात पोचतो का ते बघा.