विद्यापीठाचें पत्र आणि पालकांचें उत्तर

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून मुंज, विवाह, घरबांधणी, फार तर भाऊबंदकीचा दावा, इतक्या प्रसंगांची मनाची तयारी असते. परंतु विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलाच्या नांवें शिस्तभंगाचें पत्र आलें म्हणजे तेंच कुटुंब एकाएकीं गोंधळून जातें. वडील ओळखीचा माणूस शोधूं लागतात, आई नवस बोलते, आणि पत्र मात्र कोणी पुरतें वाचीत नाहीं. मी स्वतः मॅट्रिकपुढें गेलों नाहीं. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधीं चढलों नाहीं. तथापि जन्मभर मास्तरकी केल्यामुळें व संस्कृताच्या अभ्यासानें शब्दांकडे बारीक पाहण्याची खोड जडल्यामुळें निवृत्तीनंतर अशीं पत्रें घेऊन लोक माझ्याकडे येऊं लागले. त्या निमित्तानें जें वाचलें व पाहिलें, तें या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

पहिली गोष्ट ही कीं, हें पत्र मुलाच्या नांवें असतें, बापाच्या नव्हे. शाळेंत आम्ही पालकांस बोलावीत असूं. विद्यापीठास तसें करण्याचें कारण नसतें. अठरा वर्षें पूर्ण झालेला मुलगा कायद्यानें सज्ञान. उत्तर त्यानेंच द्यावयाचें, समितीपुढें त्यानेंच उभें राहावयाचें. वडिलांनीं आपल्या सहीनें पाठविलेलें चार पानी निवेदन बहुधा फाइलींत पडून राहतें.

ही चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे, हेंही ध्यानांत घ्यावें. पण म्हणून ती मनमानीही नव्हे. ऐकून घेतल्यावांचून शिक्षा नाहीं, हें तत्त्व विद्यापीठांच्या बाबतींत फार जुनें आहे. केंब्रिज विद्यापीठानें १७१८ सालीं रिचर्ड बेंटली या प्रसिद्ध पंडिताच्या पदव्या त्याचें म्हणणें न ऐकतां काढून घेतल्या. १७२३ सालीं इंग्लंडच्या न्यायालयानें त्या परत देवविल्या. त्या वेळीं एका न्यायाधीशानें असा दाखला दिला कीं, प्रत्यक्ष परमेश्वरानेंसुद्धां आदामाला बागेंतून घालवून देण्यापूर्वीं त्याला हांक मारून विचारलें होतें. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाविरुद्धच्या प्रकरणांत हाच दंडक घातला: परीक्षेंतील गैरप्रकाराबद्दल विद्यार्थ्याचा निकाल रद्द करावयाचा, तर त्यास आपली बाजू मांडण्याची संधि दिलीच पाहिजे.

आमच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस हें सारें परकें वाटूं नये. याज्ञवल्क्यस्मृतींत व्यवहार चतुष्पाद सांगितला आहे, आणि मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें ते चार पाद उलगडून दाखविले आहेत: भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धि. विद्यापीठाचें पत्र ही भाषा, म्हणजे आरोप. मुलाचें लेखी म्हणणें हें उत्तर. पर्यवेक्षकाचा अहवाल, उत्तरपत्रिका, साक्षी ही क्रिया. चौथा निर्णय. यांपैकीं घरच्या माणसांचा उपयोग दुसऱ्या पादांत काय तो होतो, आणि नेमका तेथेंच घोटाळा होतो.

उत्तराचे शास्त्रकारांनीं चार प्रकार केले. सत्य, म्हणजे आरोप कबूल. मिथ्या, म्हणजे असें घडलेंच नाहीं. प्रत्यवस्कंदन, म्हणजे घडलें खरें, पण त्यास अमुक कारण होतें. आणि प्राङ्न्याय, म्हणजे याचा निवाडा पूर्वींच झाला आहे. एकाच आरोपास हे प्रकार एकत्र कालवले तर तें उत्तरच नव्हे, असें कात्यायनाचें वचन मिताक्षरेनें दिलें आहे. हें वचन मला आमच्या आळींतील एका प्रकरणांत पुरेपूर पटलें.

एका निवृत्त गृहस्थांचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास होता. परीक्षेंत त्याच्या कंपासपेटींत चिठ्ठी सांपडली व पुढें परीक्षा-प्रमाद समितीपुढें हजर राहण्याचें पत्र आलें. वडील उत्तराचा मसुदा घेऊनच आले. त्यांत लिहिलें होतें कीं चिठ्ठी मुलाची नव्हेच, कोणीतरी ठेवली. शिवाय त्यानें ती पाहिलीही नाहीं. शिवाय त्या दिवसांत आई रुग्णालयांत असल्यानें मुलाचें चित्त थाऱ्यावर नव्हतें, तरी दया व्हावी. ‘मास्तर, फक्त भाषा तेवढी सुधारून द्या,’ असें ते म्हणाले. भाषा बरी होती. पण चिठ्ठी त्याची नसेल, तर दया कशाबद्दल मागावयाची?

वडील फोनवर बोलण्यासाठीं बाहेर ओट्यावर गेले तेव्हां मुलगा हळूच म्हणाला, ‘काका, पकडलं तेव्हांच मी लिहून दिलंय, चिठ्ठी माझी आहे म्हणून. बाबांना माहीत नाही.’

वाचकांपैकीं पुष्कळांस हें ठाऊक नसेल. परीक्षागृहांत गैरप्रकार आढळला कीं चिठ्ठी व उत्तरपत्रिका ताब्यांत घेऊन विद्यार्थ्याचा लेखी जबाब तेथेंच घेण्याची पद्धत आहे. तो कागद समितीपुढें असतोच. वडिलांचा मसुदा गेला असता तर मुलगा स्वतःच्याच हस्ताक्षरापुढें खोटा पडला असता. मीं त्यास म्हटलें, ‘हें वडिलांना तूंच सांग. तें होईपर्यंत मी एक ओळही लिहिणार नाहीं.’ त्यानें त्याच रात्रीं सांगितलें. वडील संतापले, पण नवल असें कीं कॉपीबद्दल नव्हे, तर लिहून दिल्याबद्दल! दोन दिवस ते कोणा कार्यकर्त्याकडे खेपा घालीत होते. तो ‘आंतून काम करून देतो’ म्हणे. असल्या माणसांपासून दूर राहावें. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यान्वयें ही समिती जास्तींत जास्त पांच जणांची असते आणि ती आपला अहवाल व शिफारस परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे पाठविते. कारवाई तें मंडळ करितें. एकट्या माणसाच्या हातीं तें नसतें, आणि वशिल्याचा प्रयत्न उघडकीस आला तर मूळ अपराधाहून तोच जड होतो.

शेवटीं उत्तर मुलानेंच लिहिलें, एक पानभर. चिठ्ठी माझी. त्यांतील भागावरील प्रश्न मीं सोडविलेला नाहीं, तो उत्तरपत्रिकेंत पाहावा. पूर्वीं असा प्रकार माझ्याकडून झालेला नाहीं. आईच्या आजाराचा उल्लेख मीं काढावयास सांगितला. ती माउली खरोखर चार दिवस रुग्णालयांत होती, परंतु परीक्षेच्या तीन आठवडे आधीं.

पुराव्याविषयीं पालकांची आणखी एक समजूत असते कीं ‘सिद्ध करून दाखवा’ म्हटलें कीं सुटलों. फौजदारी न्यायालयांत संशयाचा फायदा आरोपीस मिळतो. येथें तितकी कसोटी नसते. महाराष्ट्राच्याच माध्यमिक मंडळाच्या गुण-फेरफार प्रकरणांत १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं अशा चौकशींत संभाव्यतेचें पारडें कोणीकडे झुकतें तें पाहणें पुरेसें आहे. साक्षीदारांची उलटतपासणी मिळेलच असेंही नाहीं. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत कांहीं विद्यार्थी रात्रीं मुलींच्या वसतिगृहांत शिरले होते. मुलींचे जबाब त्यांच्यासमोर न घेतां घेतले, आणि १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें योग्य ठरविलें. त्या मुलींस समोरासमोर उभें केलें असतें तर पुढें त्यांचें रक्षण कोणी केलें असतें? मला हा निर्णय न्यायाचा वाटतो, मुलांचे बाप कांहींही म्हणोत.

याच ओघांत रॅगिंगविषयीं थोडें. प्रवेशाच्या वेळीं विद्यार्थी व पालक असे दोघेही एक प्रतिज्ञापत्र देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनीं तें आवश्यक केलें आहे. किती पालक तें वाचून सही करितात? त्या विनियमांप्रमाणें शिक्षा म्हणून वर्गांतून निलंबन, वसतिगृहांतून हकालपट्टी, एक ते चार सत्रांपर्यंत संस्थेंतून काढून टाकणें, प्रवेशच रद्द करणें, येथवर मजल जाते. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा त्याहून कडक: दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजारांपर्यंत दंड. पालकही लेखी तक्रार करूं शकतात, आणि प्राचार्यांनीं सात दिवसांच्या आंत चौकशी करावयाची असते. तथ्य दिसलें तर विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार पोलिसांकडे धाडावयाची. ज्यांचें मूल छळलें जात आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. ज्यांचें मूल छळणाऱ्यांत आहे त्यांनींही. ‘थट्टामस्करी’ हा शब्द दुसऱ्या प्रकारच्या पालकांच्या तोंडून मीं फार वेळां ऐकला आहे.

शिक्षा झाल्यावरही सर्व संपत नाहीं. रॅगिंगच्या प्रकरणांत संलग्न महाविद्यालयाच्या आदेशाविरुद्ध कुलगुरूंकडे अपील करितां येतें. इतर प्रकरणांत त्या त्या विद्यापीठाचा नियम पाहावा. मुदत पत्राच्या तारखेपासून कीं तें हातीं पडल्यापासून, तें आधीं तपासावें, आणि लिफाफा फेंकून देऊं नये. आपण पाठविलेल्या प्रत्येक कागदाची प्रत व पोंच ठेवावी.

आमच्या आळींतील त्या मुलाची त्या सत्राच्या सर्व विषयांची संपादणूक रद्द झाली. पुढील परीक्षांस बसण्याची मनाई मात्र झाली नाहीं. सहा महिने गेले, आणि नोकरीसाठीं महाविद्यालयांत आलेल्या एका कंपनीच्या मुलाखतीही हुकल्या. पुढील सत्रांत तो सर्व विषयांस पुन्हां बसला व उत्तीर्ण झाला. वडील आतां रस्त्यांत भेटले तर मान हालवितात. पूर्वींसारखे ओट्यावर येऊन बसत नाहींत. आई मात्र परवां येऊन विचारून गेली कीं ते कागद किती दिवस जपून ठेवावे. मीं सांगितलें, पदवीचें प्रमाणपत्र हातीं येईपर्यंत तरी.