भोपाळमधले दोन दिवस

कल्याणहून पंजाब मेलने भोपाळला जायचे तर एक रात्र आणि सकाळचे काही तास जातात. अम्मीच्या गुडघ्यांना आता रेल्वेच्या पायऱ्या झेपत नाहीत, आणि मला शाळेतून शनिवारची एकच रजा मिळत होती. म्हणून जानेवारीत आम्ही माय-लेकाने विमानाने जायचे ठरवले. शनिवारी सकाळी जायचे आणि रविवारी संध्याकाळी परतायचे. भोपाळला अम्मीची थोरली बहीण, म्हणजे माझी खाला राहते. खालू रेल्वेत होते. कल्याणला नोकरीला असताना त्यांचे लग्न झाले, पुढे बदली होऊन ते आपल्या गावी भोपाळला गेले आणि खालाही कायमची तिकडची झाली. मी मात्र भोपाळ कधी पाहिले नव्हते.

घाईला कारण होते. शाबानमध्ये अम्मी उमराहला जाणार होती. हज-उमराहला निघण्यापूर्वी आपण देणे-घेणे मिटवतो, माफी मागतो. अम्मीने सगळ्या शेजारणींकडे जाऊन माफी मागून घेतली आणि मग एका रात्री मला म्हणाली, "तुझ्या खालाचा हिशोब राहिलाय."

हिशोब 2009 सालचा. नानांचे जुने घर चोवीस लाखांना विकले गेले. नानी आधीच वारली होती. वारस तिघे: मामू, खाला आणि अम्मी. मुलाला दोन भाग आणि मुलीला एक, हा सूरह निसामधला नियम आपल्या घरात लहान मुलालाही पाठ असतो. त्याप्रमाणे मामूंना बारा लाख, दोघी बहिणींना सहा-सहा लाख मिळायला हवे होते. पण मामूंनी खालाकडून हक्कसोड पत्र करून घेतले. "तू लांब राहतेस, तुला काय करायचंय?" एवढेच तिला सांगितले गेले. ती आली, दुय्यम निबंधक कार्यालयात सही केली आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत गेली. मामूंना सोळा लाख मिळाले, अम्मीला आठ. म्हणजे खालाच्या सहा लाखांपैकी चार मामूंकडे राहिले आणि दोन आमच्याकडे. त्या दिवशी कागदांची फाइल घेऊन मीच पुढे चाललो होतो. शिक्षक आहे, हिशोब मला तेव्हाही येत होता.

"दोन लाख मोबाइलवरून आत्ता पाठवतो," मी म्हणालो.

"पैसे तू पाठवशील. माफी कोण मागणार?" अम्मी म्हणाली.

अम्मीचा हा पहिलाच विमानप्रवास. सामानात तिने खालासाठी सुके बोंबील आणि सोडे घेतले होते, चार पिशव्यांत गुंडाळून वर फडके बांधलेले. विमानात वास सुटला तर काय, या काळजीने मला घाम फुटला. पण ते पुडके मोठ्या बॅगेतून सुखरूप गेले. तपासणीच्या वेळी तसबीह ट्रेमध्ये ठेवायला सांगितली, तेव्हा ती परत हातात येईपर्यंत अम्मी हलायला तयार नव्हती. विमान उडताना तिने डोळे मिटून सफरची दुआ पुटपुटली. साधारण दीड तासाचा प्रवास. डोंगररांगा संपल्यावर खाली एक रुंद नदी चमकली. नर्मदाच असावी. अम्मीने खाली पाहिले आणि म्हणाली, "इतकंच लांब होतं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सोळा-सतरा वर्षांत दोघी बहिणी एकदाच भेटल्या होत्या, खालू वारले तेव्हा.

विमानतळाला राजा भोजांचे नाव आहे. बाहेर खालाचा मुलगा घ्यायला आला होता. त्याला कुणीतरी "को खां!" अशी हाक मारली. ही खास भोपाळी हाक; इथे ती हिंदू-मुसलमान सगळेच एकमेकांना मारतात. लालघाटी ओलांडून शहाजहानाबादकडे वळलो आणि ताजुल मसाजिदचे मिनार दिसू लागले. गल्लीत खाला दारातच खुर्ची टाकून बसली होती. आयुष्यभर भोपाळी उर्दू बोललेली खाला बहिणीला पाहताच आमच्या कोकणीत म्हणाली, "आयलीस गे बाय?" दोघी बराच वेळ एकमेकींच्या गळ्यात पडून होत्या. मग पुडक्याचा वास घेऊन खाला हसली. भोपाळला तलाव पुष्कळ, पण बोंबील नाहीत!

दुपारी भावासोबत ताजुल मसाजिदला गेलो. मी इतिहास शिकवतो, पण भोपाळचा उल्लेख माझ्या तासाला येतो तो बाजीराव पेशवे आणि निजाम यांच्यातल्या 1737 च्या लढाईपुरता. या शहराची खरी गोष्ट त्यानंतरची आहे. 1819 ते 1926 या काळात, मधली काही वर्षे सोडली तर, भोपाळचा कारभार चार बेगमांनी पाहिला. कुदसिया बेगम, तिची मुलगी सिकंदर बेगम, तिची मुलगी शाहजहान बेगम आणि तिची मुलगी सुलतान जहान बेगम. आईची गादी मुलीकडे गेली. कुदसिया बेगमने जामा मशीद बांधली, सिकंदर बेगमने मोती मशीद. सिकंदर बेगम 1863-64 मध्ये हजला गेली आणि त्या प्रवासाची हकीकत तिने लिहून ठेवली. सुलतान जहान बेगम 1920 मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती झाली.

ताजुल मसाजिद शाहजहान बेगमने सुरू केली. शहाजहानाबाद हा भागही तिच्याच नावाचा. 1901 मध्ये ती वारली तेव्हा काम अपुरे होते. पैशांअभावी ते सत्तर वर्षे तसेच राहिले. मौलाना इमरान खान नदवी यांनी 1971 मध्ये ते पुन्हा हाती घेतले आणि 1985 मध्ये पूर्ण झाले. लालसर दगडी भिंती, तीन पांढरे घुमट, दोन उंच अष्टकोनी मिनार आणि मध्ये एवढे मोठे सहन की पलीकडच्या टोकाची माणसे लहान दिसतात. आम्ही कोकणी शाफई, आमची असरची वेळ आधी होते. इथे हनफी वेळेप्रमाणे अजान उशिरा झाली. मी मुसाफिर, पण इमाम मुकीम असल्याने त्यांच्यामागे चार रकात पूर्ण पढलो. नमाजनंतर सहनात बसलो असताना मनात आले, ज्या शहरात मुलींनी राज्य चालवले, त्याच शहरातल्या माझ्या खालाला एका घराचा चौथा हिस्साही आम्ही मिळू दिला नाही.

रात्री जेवणे झाल्यावर अम्मीने पाकीट काढले आणि खालाच्या मांडीवर ठेवले. आत दोन लाखांचा चेक होता. "हे तुझे आहेत. मी खाल्ले. मला माफ कर," एवढेच तिला बोलता आले.

खालाला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तिने सांगितलेली हकीकत मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. 2 डिसेंबर 1984 ची रात्र. खालू रात्रपाळीला स्टेशनवर होते. मध्यरात्रीनंतर कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग झाली. खालाने ओली ओढणी स्वतःच्या आणि मुलाच्या तोंडावर दाबून धरली आणि तळ्याच्या दिशेने पळत सुटली. सरकारी नोंदीतच मृतांचा आकडा 3,787 आहे. पीडितांच्या संघटना तो कितीतरी जास्त असल्याचे सांगतात. स्टेशनवर त्या रात्री ड्युटीवर असलेले उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी प्रवाशांनी भरलेली गाडी वेळेआधीच पुढे रवाना केली आणि असंख्य जीव वाचवले. खालू वाचले, पण त्यांची फुप्फुसे कायमची अधू झाली. कारखान्यात पडून राहिलेला सुमारे 337 टन विषारी कचरा तिथून हलवायला 2025 साल उजाडले.

"तुम्ही सही घेतली त्या वर्षी," खाला शांतपणे म्हणाली, "खालूंच्या औषधासाठी मी बांगड्या विकल्या होत्या. भावाने विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही."

अम्मी रडत होती. मला वाटले, आता खाला पाकीट परत करील, "बहिणीत कसला हिशोब" म्हणेल. आपल्याकडे असेच होते, आणि देणाऱ्यालाही आतून तेच हवे असते. पण खालाने पाकीट उघडले, चेक वाचला आणि उशीखाली ठेवला. "हे घेते. माझे आहेत. तुला मी दिलसे माफ केलं, तू बेफिकीर उमराहला जा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाकीचे चार मी माफ केलेले नाहीत. तुझा मामू गेला, पण त्याची मुलं आहेत. त्यांना माझा निरोप दे. बापाची कबर हलकी करायची असेल तर अजून वेळ आहे."

त्या रात्री दोघी बहिणी एकाच पलंगावर झोपल्या. फजरपर्यंत त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

रविवारी सकाळी भावाने पोहे-जिलबी आणली आणि मिठाचा सुलेमानी चहा पाजला. पहिला घोट विचित्र लागला, दुसरा बरा, नंतर मी आणखी एक कप मागितला. मग सगळे मोठ्या तलावावर गेलो. हा तलाव राजा भोजांनी अकराव्या शतकात बांधल्याचे मानले जाते. काठावर कुदसिया बेगमचा गौहर महल उभा आहे. धुके विरत होते आणि पाण्याचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. खाला अम्मीचा हात धरून पायरीवर बसली होती. निघताना तिने अम्मीला जरीचा भोपाळी बटवा दिला. "उमराहला जाताना तसबीह यात ठेव."

रविवारी रात्री अकराला घरी पोहोचलो. सोमवारी शाळा सुटल्यावर मामूंच्या मुलांकडे जाऊन खालाचा निरोप दिला. थोरला गप्प राहिला. धाकटा म्हणाला, "बघू." मी पुन्हा जाणार आहे.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. माझ्या कपाटात एक कागद आठ महिन्यांपासून पडून होता. अब्बा गेल्यावर घर माझ्या नावावर करण्यासाठी तयार केलेले हक्कसोड पत्र. त्यावर फक्त भिवंडीच्या आपाची सही बाकी होती. "आपा नाही थोडीच म्हणणार," असे मी सगळ्यांना सांगत होतो. मामूंनीही हेच म्हटले असणार. तो कागद मी फाडला आणि वहीच्या पानावर नवा हिशोब मांडला: घराचे चोवीस भाग, त्यातले तीन अम्मीचे, चौदा माझे, सात आपाचे.

येत्या रविवारी ते पान घेऊन भिवंडीला जायचे आहे. तिथे जायला विमान लागत नाही, रिक्षाही पुरते.