शेवटचं कडवं

हलगी-ढोलकीवर गायचं गाणं लिहिताना मी आधी मुखड्याचं शेवटचं अक्षर बघतो. कोरसवाले तेच ओढतात. ते 'आ' नाहीतर 'ई'वर संपलं तर आवाज मांडवाच्या पार मागच्या टोकाला जातो. 'त'वर संपलं की तोंड मिटतं आणि चाल तिथंच बसते. लातूर, उदगीर, नांदेड ही आमच्याकडची मोठी गावं, पण मुखड्याच्या शेवटी अडून बसतात. निलंगा, देवणी, औराद शहाजानी जशीच्या तशी गाता येतात. पोटासाठी गाव सोडणाऱ्यांवरच्या गाण्याचा पहिला खर्डा 'चूल इझली, कडी लावली, गाव गेलं पुण्यात' असा होता. तालमीत हलगीवाल्यानं शेवटची थाप टाकली, पण ओढायला अक्षरच उरलं नाही. 'पुण्याला' केलं, आणि ऐकायला बसलेल्या आयाबायाही ओळ धरून गाऊ लागल्या.

नंतर नाव बसवायचं. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव घालायची रीत संतांपासून शाहिरांपर्यंत चालत आली आहे. ते ओळीत ओढून आणल्यासारखं वाटलं तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून कित्येकदा मी शेवटचं कडवं आधी लिहितो आणि मग वर चढत जातो.

मी कुठल्या पक्षाच्या कलापथकात नाही, कुठल्या कंपनीशी करार नाही. चौदा एप्रिलच्या आसपास भीमजयंतीचे आणि एक ऑगस्टला अण्णा भाऊंच्या जयंतीचे कार्यक्रम असतात. बिदागी गायनपार्टीच्या हातात पडते, लिहिणाऱ्याला ते देतील तेवढं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, गळा त्यांचा झिजतो. पण आमच्यासारख्याच्या हातात शेवटच्या कडव्यातलं नाव हीच काय ती पावती.

या पावतीचं मोल वामनदादा कर्डकांकडे बघितल्यावर कळतं. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. शाळा नशिबी नव्हती, मुंबईत मोठेपणी अक्षरओळख करून घेतली. १९४३ साली एका हिंदी गाण्याच्या चालीवर पहिलं गीत लिहिलं आणि पुढं २००४ साली जाईपर्यंत ते लिहीत, गात राहिले. 'वाटचाल', 'मोहळ' हे संग्रह सत्तरच्या दशकात आले. तोवर त्यांची गाणी तोंडातोंडी पसरली होती. गायक बदलले, चाली बदलल्या, पण गाणं कुणाचं हे कुणाला विचारावं लागलं नाही. शेवटच्या कडव्यात 'वामन' होता.

जात्यावरच्या बायकांना ही सोय नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. माजलगावच्या भीमनगरातल्या बायका आज नावानिशी ठाऊक आहेत त्या यामुळंच. या कामाला मी फार मोठं मानतो.

आता गाणं मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं होऊन फिरतं. डीजेवाल्याला मुखडा आणि एक कडवं पुरतं. कापायचं म्हटलं की कात्री शेवटावर पडते, आणि नाव तिथंच असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की गाण्याचे हक्क विकले तरी ते आपलं आहे हे सांगायचा लेखकाचा अधिकार जात नाही. पण मिरवणुकीत कायद्याची प्रत घेऊन कोण फिरणार?

माझ्या एका गाण्यात नाव नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यावरचं ते गाणं. निलंगा तालुक्यातलीही घरं पडली होती. हलगीचा ठेका त्या गाण्याला सोसेना, म्हणून ओवीची चाल घेतली. शेवटच्या कडव्याशी आलो तेव्हा मेलेल्यांच्या पंगतीत आपलं नाव घुसडणं मनाला पटेना. जागा मोकळी सोडली. नाव कुठं घालायचं नाही, हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं. कापणाऱ्याचा तो अधिकार नाही.

म्हणून गाणाऱ्या भावाबहिणींना विनंती आहे. चाल बदला, हवं तर मधलं कडवं गाळा. शेवटचं तेवढं गा. वेळच नसेल तर सुरू करण्याआधी माईकवर सांगा, गाणं कुणी लिहिलं आणि तो कुठल्या गावचा. मोबाइलवर टाकाल तेव्हा खाली नाव लिहा.