एकाच डब्यातली माणसे

अनेक कथानके एकमेकांत गुंफणाऱ्या चित्रपटांविषयी आमच्या मनात एक अढी आहे. ‘आमोरेस पेरोस’ (२०००) पाहून आम्ही भारावलो होतो, हे खरे. पण त्यानंतर या घाटाची जी लाट आली, तिच्यातले पुष्कळसे चित्रपट योगायोगाच्या टेकूवर उभे वाटले. ‘क्रॅश’मध्ये (२००४) तर लॉस एंजेलिससारख्या अफाट शहरात तीच ती माणसे एकमेकांना नेमकी हवी तेव्हा भेटत राहतात, आणि ‘अरेच्चा, हा तर तोच!’ एवढ्यावर प्रेक्षकाने संतुष्ट व्हावे अशी अपेक्षा असते. कादंबरीत कोणी इतके योगायोग वापरले, तर आपण वर्गात त्याची गय करत नाही.

निशिकांत कामत यांचा ‘मुंबई मेरी जान’ (२००८) आम्ही नागपुरात, घरी, बऱ्याच उशिराने पाहिला, तो अशा बेताच्याच अपेक्षेने. त्यात विषय ११ जुलै २००६ चा. पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत संध्याकाळच्या गर्दीत झालेले सात स्फोट आणि दोनशेच्या घरात गेलेले बळी. आमच्या शहरात मेट्रो आली, लोकल नाही. आणि मुंबईच्या ‘स्पिरिट’चे कौतुक ऐकून ऐकून वैदर्भीय माणूस थोडा कंटाळलेलाही असतो. म्हणूनच पुढचे दोन-सव्वादोन तास आम्ही ज्या तन्मयतेने बसलो, तिचे आम्हालाच नवल वाटले.

योगेश विनायक जोशी आणि उपेंद्र सिधये यांच्या या पटकथेत पाच धागे आहेत. निखिल आणि सुरेश स्फोटाच्या वेळी एकाच गाडीत, एकाच डब्यात असतात. निखिलची लोकलची सवय सुटून भीती जडते; सुरेशच्या मनातला मुसलमानांविषयीचा राग पाठलागापर्यंत जातो. चित्रपट या दोघांची गाठ घालून देत नाही! पारंपरिक पटकथेने ही संधी सोडली नसती. उत्तरार्धात कुठेतरी त्यांना एका बाकावर बसवून संवाद दिला असता. इथे एका धक्क्यातून दोन माणसे दोन दिशांना जातात, आणि ती दोन टोके केवळ आपल्यालाच एकत्र दिसतात.

नागपूर स्थानकाजवळचे डायमंड क्रॉसिंग आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे रूळ तिथे एकमेकांना छेदतात, पण छेदतात तेवढेच. एका वाटेची गाडी त्या चौफुलीवरून दुसऱ्या वाटेला लागत नाही. या चित्रपटाची रचना आम्हाला तशी वाटली.

थॉमसचा धागा सर्वांत सरस. सायकलवरून चहा-कॉफी विकणारा हा माणूस बायको-मुलीसह चकचकीत मॉलमध्ये जातो आणि अपमानित होऊन बाहेर पडतो. मग तो सूड घेतो तो फोनवरून: बॉम्ब ठेवल्याची खोटी बातमी द्यायची आणि माणसांची पळापळ लांबून पाहायची. इरफान खान यांच्या वाट्याला इथे संवाद जवळजवळ नाहीतच. जे काही घडते ते त्यांच्या डोळ्यांत. एका पळापळीत एका वृद्धाला हृदयविकाराचा झटका येतो. पुढे थॉमस त्याच्यासमोर गुलाबाचे फूल घेऊन उभा राहतो, आणि फूल देणारा हा अनोळखी माणूस कोण, हे त्या वृद्धाला कळत नाही. पाचही धाग्यांत जे चालले आहे ते या एका फुलात आहे. आपले आयुष्य कोणामुळे वळले, हे माणसाला सहसा ठाऊकच नसते.

सगळेच इतके संयमित नाही. वृत्तवाहिनीची वार्ताहर रुपाली काल मृतांच्या आप्तांपुढे माईक धरत होती, आज तिच्याच दुःखाची बातमी होते. कल्पना नेमकी, पण वाहिन्यांवरचा उपहास जरा ठळक झाला आहे. निवृत्तीला टेकलेला, सदैव कोट्या करणारा तुकाराम पाटील सुरेशला समजावतो ते भाषणही लांबते. परेश रावल ते निभावून नेतात, एवढेच.

कामतांच्या ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (२००५) माधव आपटे हा एकटाच संतापाचा सारा भार वाहत होता. तीन वर्षांनी त्यांनी तो भार पाच जणांत वाटला आणि त्यामुळे नायक नाहीसा झाला. कोणाचाही राग न्याय्य म्हणून गौरवला जात नाही. सुरेशचा तर नाहीच. आमच्या दृष्टीने ही प्रगती मोठी होती. २०२० मध्ये कामतांचे अकाली निधन झाले.

स्फोट कोणी घडवले, या प्रश्नामागे चित्रपट जात नाही. तेव्हा ही पळवाट वाटू शकली असती. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात बोलावले नाही. फाशी सुनावलेल्यांपैकी एक जण हा निकाल ऐकायला उरला नव्हता. २०२१ मध्ये शिक्षा भोगत असताना तो करोनाने गेला, आमच्या नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात.